कर्नल बदलल्यावर केबलची लांबी

नव्या कर्नलवर केबलची लांबी एकोणीस सेंटिमीटर भरते. तीच निळी केबल जुन्या कर्नलवर चौदा मीटर. मी प्रत्येकी दहा वेळा मोजली.

कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. आमच्या भूकंपमापन प्रयोगशाळेत दोन संगणक या केबलनं जोडलेले आहेत. कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीवर पलीकडे एक संदेश धाडायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते लिहायचं, एवढंच माझं काम. आवृत्ती जितकी नवी तितकं उत्तर लवकर, आणि खोली लहान. सगळ्यात ताज्या आवृत्तीत माझे गुडघे भिंतीला टेकतात. विभागप्रमुख डोईफोडे दाराबाहेरूनच बोलतात, कारण आत त्यांना जागा उरत नाही.

"मॅडम, तीन महिने झाले. कोणती ठेवायची? भूकंपाचा इशारा उशिरा पोचला तर खाली गावं आहेत."

"अजून एकदा मोजते," मी म्हणते आणि जुनी आवृत्ती चालू करते.

भिंती मागे सरकतात. चौदा मीटरवर, पलीकडच्या संगणकापाशी, उपाध्येबाई बसलेल्या असतात. मला मोजायला त्यांनीच शिकवलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. संदेश जाऊन परत येईपर्यंत त्या असतात.

"गेला का गं?"

"गेला, बाई."

"मग बस निवांत. येतोय कुठे तो लगेच!" त्या शेंगा सोलतात. त्यांच्या खिडकीबाहेर, पुढे तोडलं गेलेलं, बुचाचं झाड फुललेलं असतं. "तुझ्या नव्या खोलीत एक शेंग तरी सोलून होते का?"

"हात खिशातून निघत नाही, बाई."

त्या हसतात. उत्तर येतं, खुर्ची रिकामी होते. मी पुन्हा संदेश धाडते.

आज संदेश वाटेत असतानाच डोईफोडेंचा फोन आला. मी तो कानाला लावला; तोच प्रश्न, कोणती ठेवायची. बाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि मला विचारलं,

"जुन्यावर किती?"

"चार मिनिटं."

"नव्यावर?"

"पापणी लवायच्या आत."

"आकडा सांग, सुनेत्रा."

"दोन मिलिसेकंद."

"मी तुला मोजायला शिकवलं होतं गं. मोजत बसायला नाही."

"मनात ठरलंय माझं, बाई."

"मनातलं वहीत चढत नाही. मोठ्यानं सांग त्याला."

त्या उठल्या, आणि पहिल्यांदाच केबलच्या कडेकडेनं माझ्याकडे चालत निघाल्या. निम्म्या वाटेवर आल्या, तेव्हा मी फोनमध्ये म्हटलं, "जुनी काढून टाका."