बाईंचे तीन अर्ज

चार वर्षं झाली, बाईंच्या नळाला गंजाचं पाणी येत होतं. उभा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेत गेलेल्या बाई त्या. पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून, तारखांच्या चिठ्ठ्या डकवून त्यांनी गल्लीतला पाइप बदलण्यासाठी नगरपालिकेत तीन अर्ज केले. तिन्हींवर एकच शेरा: पाणी समितीने एकमताने फेटाळला.

ही एकमताची मंडळी आहेत तरी कोण, म्हणून बाईंनी नेमणुकांची वही पाहायला मागितली. कारकुनाने आधी साहेब रजेवर असल्याचं सांगितलं, मग कपाटाची किल्लीही त्यांच्याबरोबर रजेवर गेल्याचं. बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ही वही कोणाही नागरिकाला पाहता येईल, असं तिच्यावर लिहिलं होतं. पाटी कारकुनाच्या पाठीमागे होती, त्यामुळे त्याने ती कधी वाचलीच नव्हती.

किल्ली ड्रॉवरमध्येच निघाली. वहीत तीन सभासद होते. पहिले वारले होते, दुसरे लेकीकडे परदेशी. तिसऱ्या नावाशी बाईंनी चष्मा पुसला. नाव त्यांचंच होतं, पत्त्यासकट.

कारकून पडल्या आवाजात म्हणाला, नियमाने विज्ञान शिकलेली एक बाई लागते. शाळेच्या यादीतून नाव उचललं, कळवायचं तेवढं राहून गेलं. समितीच्या कागदांत मात्र बाई प्रत्येक सभेला हजर होत्या आणि स्वतःचे तिन्ही अर्ज त्यांनी चर्चा न करता फेटाळले होते.

बरोबर आलेल्या नवऱ्याने मान लांब करून वाचलं. "या पानाची नक्कल मिळेल का हो? छत्तीस वर्षांत हिने चर्चेवाचून काही संपवल्याचा एवढाच पुरावा आहे."

"तुम्ही बसा बरं तिकडे," म्हणून बाईंनी कारकुनाला विचारलं, "सभासदाला स्वतःच्याच अर्जावर मत देता येतं?"

"छे, अजिबात नाही." कारकुनाला वाटलं, सुटलो.

"मग हे तिन्ही निर्णय रद्द. अर्ज अजून पडूनच आहेत. पडलेल्या अर्जाचं काय होतं? वाचा."

कारकुनाने नियमांचं पुस्तक काढून वाचलं. "तीस दिवसांत निर्णय न झाल्यास अर्ज मंजूर..." पुढचा शब्द वाचायच्या आत त्याने पुस्तक मिटलं.

"समजावा," नवऱ्याने तिकडून वाक्य पुरं केलं.

कारकुनाने पेन उघडलं. "तारीख कुठली घालू, बाई?"

"आजची. आज मी खरीच हजर आहे."