उताराची खुर्ची

खुर्ची सरळ उभी होती, हेच भाऊरावांना खटकलं. रुचिरानं घरून प्रदर्शनाला पाठवलेल्या खुर्चीचा तिथला फोटो त्यांच्यापुढं धरला होता.

"पापा, कितनी अच्छी लग रही है!"

"पुढच्या पायांखालच्या विटा कुठं गेल्या?"

"वो पुरानी ईंटें? वो मैंने भेजी ही नहीं. शर्म आती है, यार."

"मग ही सरळ कशी उभी हाय?"

रुचिरा फोटो मोठा करून खुर्चीचे पाय बघू लागली. भाऊरावांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. चहा तसाच टाकून त्यांनी चपला अडकवल्या. मानक नगरातून ऑटो सुटली, तशी रुचिराही धावत येऊन बसली. छावणी येईपर्यंत त्यांनी ऑटोवाल्याला चारदा घाई केली. सिग्नलला तर ते उतरून चालतच निघणार होते. रुचिरानं बाही धरून बसवलं.

खुर्ची त्यांच्या बानं, डोमाजीनं, केली होती. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर डोमाजीनं मोडक्या बैलगाडीचं लाकूड सुताराच्या वाकसानं तासलं आणि वस्तीतली पहिली खुर्ची उभी केली. वस्ती गावाच्या उताराला. खुर्चीचं तोंड मात्र त्याला वर, गावाच्या रस्त्याकडंच हवं होतं. म्हणून मागचे पाय चार बोटं लांब ठेवले. इकडं परमुलखातल्या सपाट फरशीवर मग पुढच्या पायांखाली विटा द्याव्या लागल्या. गावी संध्याकाळी बा तिच्यावर बसायचा. रस्त्यानं पाटील जायचे, थांबून बघायचे. बाच्या मांड्या थरथरायच्या, पण बा उठायचा नाही. शेजारी जमिनीवर बसलेल्या लहानग्या भाऊनं त्या मांड्या पाहिल्या होत्या.

प्रदर्शनाच्या दालनात अंतरा, प्रदर्शन मांडणारी मुलगी, हसत पुढं आली.

"अंकल, बहुत आगे झुक रही थी. मिस्त्री से पीछे के पैर बराबर करवा दिए."

भाऊरावांनी वाकून कापलेल्या पायांवरून बोट फिरवलं. खुर्चीपुढच्या पाटीवर लिहिलं होतं: ग्रामीण कुर्सी, कारीगर अज्ञात.

"टुकडे कहाँ हैं?" एवढंच ते बोलले.

मिस्त्रीनं भुशातून दोन ठोकळे शोधून दिले. चार चार बोटांचे, खालून गुळगुळीत झिजलेले. अंगणात घासून झिजलेले ते. भाऊरावांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसावेत तसे शर्टाच्या टोकानं पुसले आणि गुडघे टेकले. रुचिरानं न सांगता खुर्ची मागून उचलून धरली. तिचे डोळे भरले होते. त्यांनी एकेक ठोकळा मागच्या पायांखाली सरकवला. खुर्ची पुन्हा पुढं कलली.

"अंकल, टेढ़ी हो गई," अंतरा हळूच म्हणाली.

"हमारी ज़मीन ही ऐसी थी, बेटा."

तिला काय समजलं कोण जाणे, पण तिनं हात लावला नाही.

भाऊरावांनी खिशातलं पेन काढलं. 'अज्ञात' खोडून वर लिहायला घेतलं: डोमाजी मेश्राम. हात थरथरत होता. पण पूर्ण नाव होईपर्यंत त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.