इल्साच्या गोष्टीचं दुसरं पान

कॉलेजच्या इंग्रजी विभागाची इमारत गरम ठेवणारी भट्टी मी एकतीस वर्षं सांभाळली. वाचायला शिकलो ते सत्तावन्नाव्या वर्षी, त्याच इमारतीत. विभागाच्या प्राध्यापक मारेन टॉर्सगार्ड मंगळवारी संध्याकाळी आम्हा कामगारांचा वर्ग घ्यायच्या. मी त्यांना बाई म्हणतो. अक्षरं जमायला लागल्यावर त्यांनी मला गुरुवारच्या कथावर्गातही बसायला सांगितलं.

त्या वर्गाची रीत ठरलेली होती. सोमवारी एकाची गोष्ट सगळ्यांच्या टपालाच्या खणात पडायची. ती घरी वाचायची आणि गुरुवारी दुपारी टेबलाभोवती बसून तिच्यावर बोलायचं. ज्याची गोष्ट असेल त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि हे खरंच घडलं का, असं कुणी विचारायचं नाही. बाई म्हणायच्या, गोष्टीतला 'मी' वेगळा आणि टेबलापाशी बसलेला माणूस वेगळा.

जानेवारीत इल्सा प्रुइटची गोष्ट आली. इल्सा पहिल्या वर्षाला होती, दक्षिणेकडून आलेली, थंडीची सवय नसलेली. मला सहा पानांना तीन दिवस लागतात. सोमवारी एक पान झालं. एक मुलगी एका म्हातारीच्या घरात माडीवर राहते. हिवाळ्यासाठी म्हातारीने खिडक्यांच्या सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या आहेत.

मंगळवारी दुसरं पान वाचलं. मुलगी सकाळी उठते तेव्हा डोक्यावर दगड ठेवल्यासारखं होतं. कॉलेजला येताना पुलापाशी तो दगड आपोआप उतरतो. संध्याकाळी घरात शिरली की पुन्हा चढतो. रविवारी पिंजऱ्यातला पक्षी तळाशी मेलेला सापडतो. म्हातारी म्हणते, वय झालं होतं त्याचं.

मी बोट त्या ओळीवर ठेवून बराच वेळ बसलो. माझा थोरला भाऊ वॉल्टर गोठलेल्या तळ्यावर, मासे धरायच्या झोपडीत मेला. दार घट्ट लावलेलं, आत शेगडी. बंद जागेत शेगडीतून जो विषारी वायू साचतो, त्याला ना वास ना रंग. आम्ही दार उघडलं तेव्हा त्या वायूने त्याचे गाल लहान मुलासारखे गुलाबी झाले होते.

पण मी अक्षरं उशिरा शिकलेला माणूस. वाटलं, आपलंच वाचताना काही चुकत असेल. ही मंडळी जन्मभर पुस्तकात राहिलेली, त्यांना कळेलच. बुधवारी राहिलेली पानं वाचली. त्यात म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या दुपारभर झोपते आणि काचांना आतून घाम येतो.

गुरुवारी दोन वाजता सगळे जमले. बाहेर बर्फ पडत होता. नेहमीप्रमाणे बाईंनी घरी भाजलेला ॲपल पाय आणला होता. इल्सा माझ्या समोर बसली, एक हात कपाळाला लावून. गाल लाल झालेले. ग्रेडी नावाचा एक हुशार मुलगा म्हणाला की पक्षी फारच उघड प्रतीक आहे, पक्षी मारल्याशिवाय पहिल्या वर्षाच्या मुलांची गोष्ट पुरीच होत नाही. सगळे हसले, इल्साही थोडी हसली. दुसऱ्या कुणाला डोक्यावरच्या दगडात आईचं ओझं दिसलं. झोपणाऱ्या म्हातारीवर तर दहा मिनिटं चर्चा झाली. अनिष्ट काहीतरी जवळ येतंय हे फार छान उतरलंय, असं बाई म्हणाल्या.

मी विचारलं, "ही खोली कुठे आहे?"

ग्रेडी म्हणाला, "ऑर्व्हिलना भाड्याने हवी वाटतं."

पुन्हा हशा झाला. बाई हळूच म्हणाल्या, "ऑर्व्हिल, हा प्रश्न इथे विचारत नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. मी मान खाली घातली. इल्साने माझ्याकडे पाहिलं, पण रीत पाळून गप्प राहिली. थोड्या वेळाने तिला मळमळायला लागलं, तशी कोट उचलून ती निघून गेली. पहिल्यांदा असं होतं सगळ्यांचं, असं कुणीतरी म्हणालं. बाईंनी तिच्यासाठी ॲपल पायचा तुकडा झाकून ठेवला आणि ग्रेडीची मागच्या गुरुवारी अर्धी राहिलेली गोष्ट काढली.

तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मी पाऊण तास बसून होतो. पाऊण तासात पूल ओलांडून घरी जाऊन माणूस झोपतो. शेवटी उठलो आणि बाईंना दाराबाहेर बोलावलं. तिला घरातला वायू चढतोय, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "ती गोष्ट आहे, ऑर्व्हिल."

तिथेच भिंतीवर, चौकटीत, मी शिकल्यावर लिहिलेलं पहिलं पान लावलेलं होतं. तळ्यावरची झोपडी, बंद दार, गुलाबी गाल. बाईंना ते इतकं आवडलं होतं की त्यांनीच ते लावून घेतलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या त्यातलं थंडीचं रूपक समजावून सांगत.

मी त्या चौकटीवर बोट ठेवलं. "बाई, वॉल्टर माझा भाऊ होता. खराच होता."

त्यांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ऑफिसातून इल्साचा पत्ता घेतला आणि गाडीची किल्ली. जाताना गाडीतूनच त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला. बोलताना त्यांचा आवाज वर्गात असतो तसा नव्हता.

घर पुलापलीकडे होतं. खिडक्यांवर चिकटपट्टी, छपरावरच्या धुराड्याचं तोंड बर्फाच्या गोळ्याने बुजलेलं. दार मी खांद्याने तोडलं. इल्सा जिन्यावर बसली होती, कोट अंगातच, डोकं कठड्याला टेकलेलं. आम्ही दोघांनी तिला ओढत अंगणातल्या बर्फात आणलं. बऱ्याच वेळाने ती खोकली.

मी तोंडावर मफलर दाबून परत आत गेलो. घरमालकीण मिसेस हॉगन खुर्चीत होत्या. मांडीवर विणकाम. गाल गुलाबी. हात गार पडले होते. दलाच्या माणसांनी सांगितलं, सकाळीच गेल्या असाव्यात.

मार्चमध्ये इल्सा परत आली. विभागाच्या वार्षिक अंकात तिची गोष्ट घ्यायचं ठरलं होतं. तिने होकारही दिला नाही आणि नकारही. भिंतीवरची माझी चौकट बाईंनी काढून मला परत दिली होती. त्या जागी फिकट चौकोन राहिला होता.

एक दिवस इल्सा खाली भट्टीच्या खोलीत आली. हातात तीच सहा पानं होती. आधी तिने माझे आभार मानले. मग पानं माझ्यापुढे धरली.

"ऑर्व्हिल, तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. गुरुवारी वर्गात, तुझे गाल बघून, असं म्हणता आलं असतं.

मी म्हणालो, "दुसऱ्या पानावर."

"म्हणजे कुठल्या दिवशी?"

"मंगळवारी."

तिने पानं सरळ केली, त्यांच्या कडा जुळवल्या.

"बुधवारी मिसेस हॉगननी माझ्यासाठी वाटाण्याचं सूप केलं होतं," ती म्हणाली. "मी उशिरा आले, तरी जेवायच्या थांबल्या होत्या."