मास्तरांचे चार

"आजोबा, शून्य ते दहात किती दुखतंय पोट?" सिस्टरने पुन्हा विचारलं.

"चार," मास्तर म्हणाले आणि खाटेची कड घट्ट धरून त्यांनी डोळे मिटले.

बायपास होऊन तिसरा दिवस होता. हृदय सुरळीत चाललं होतं, जखम कोरडी होती. तरुण डॉक्टरने पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. "गॅस असेल. चार म्हणजे काही फार नाही," म्हणत तो पुढच्या खाटेकडे निघाला.

उशाशी उभ्या असलेल्या सुनेच्या ते गळी उतरेना. पोट इतकं मऊ, तर माणूस असा घामाघूम होऊन का तळमळतोय? मास्तरांनी जन्मभर चित्रकला शिकवली, पण गुण देताना हात कायम आखडता. दहापैकी चार मिळालेली मुलं वर्षभर तोऱ्यात फिरत. तिच्या स्वयंपाकाला तर पंधरा वर्षांत तीनच्या वर कधी मिळाले नव्हते. ती डॉक्टरच्या मागे धावली.

"डॉक्टर, बाबांचे चार म्हणजे तुमचे दहा! ते कुणालाच जास्त देत नाहीत हो."

डॉक्टर हसला. मग त्याने वळून खाटेकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळी आठपासून," ती चाचरत म्हणाली.

मग एकच धावपळ उडाली. रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. स्कॅनमध्ये दिसलं, आतड्याकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. बाराच्या आत मास्तर पुन्हा ऑपरेशनला गेले. तिचा नवरा कामावरून तसाच धावत आला.

तीन वाजता सर्जन बाहेर आले. "गुठळी काढली. हातभर आतडं काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. उरलेलं जगतंय का, ते उद्या पुन्हा पोट उघडून बघू. पण आत्ता तरी वाचलेत."

"हिच्यामुळे वाचले," नवरा म्हणाला.

"खरंय. वेळेवर ओळखलंत."

तिला ते ऐकवेना. "सहाला," ती म्हणाली.

"काय?"

"दुखायला सहाला लागलं होतं. तेव्हा तीन म्हणाले. मी म्हटलं, माझ्या भाजीएवढंच ना, मग पडून राहा."

सर्जननी फाइल उघडली, आठ खोडून सहा लिहिलं. "बरं झालं सांगितलंत," ते खालमानेनेच म्हणाले आणि आत गेले.

नवऱ्याचा फोन वाजला. बहीण होती.

"वाचले," तो म्हणाला. तेवढंच म्हणाला.