मी, कुसाबाई आणि ती फळीवाली गाडी

मित्रांनो, माझं नाव गोल्फ कार्ट, पण गोल्फचा खेळ मी आजवर पाहिलेला नाही. आता म्हातारपणी तो पाहायला मिळेल असंही वाटत नाही. माझं तरुणपण नाशिकच्या एका लॉन्सवर गेलं. नवरा-नवरीला फाटकापासून मंडपापर्यंत न्यायचं, एवढंच माझं काम. छताला झेंडूच्या माळा असत. पाहुणे मला टेकून फोटो काढत. मग मालकांनी जुन्या धाटणीची उघडी मोटार आणली आणि मला शहराबाहेरच्या एका धर्मादाय दवाखान्याला देऊन टाकलं. त्या मोटारीवर मी पहिल्यांदा जळले. तेव्हा जडलेली ही खोड अजून गेली नाही.

दवाखाना टेकाडावर आहे. बस खाली फाटकाशी थांबते. तिथून रुग्णांना वर न्यायला मी आणि मला चालवायला संजना. ती सकाळी आली की आधी माझी सीट पुसायची आणि मग त्याच फडक्याने स्वतःचा चष्मा.

माझ्या लाडक्या रुग्ण म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या कुसाबाई. कांद्याच्या टेम्पोवरून पडल्या तेव्हा त्यांचे पाय गेले. दर महिन्याला तपासणीला येत. वॉर्डबॉय गेणू आणि वॉचमन दोघं मिळून त्यांना चाकाच्या खुर्चीतून उचलत आणि माझ्या सीटवर ठेवत. वर पोचेपर्यंत कुसाबाई माझा दांडा सोडत नसत. मला वाटे, बाईंचा माझ्यावर किती जीव!

पुढे माझ्या बॅटऱ्या थकल्या. एकदा चढावर मी अशी थांबले की रुग्णांनाच उतरून मला ढकलावं लागलं. दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या प्रतिभा मॅडम म्हणाल्या, "आता नवी घ्यायलाच हवी. पण कसली घ्यायची?"

ते ठरवायला एका सकाळी तीन गाड्या चाचणीला आल्या. मला चार्जिंगच्या शेडखाली उभं केलं होतं. तिथून सगळं दिसत होतं.

पहिली पेट्रोलची होती. चढ झपझप चढली, पण आवाज केवढा! धुराने दम्याचे रुग्ण खोकू लागले. मॅडमनी हातानेच नको म्हटलं. मी खूश झाले.

दुसरी विजेवरची, सहा जणांची, पांढरीशुभ्र. तिच्या बॅटरीत पाणी घालायची कटकट नाही आणि ती चार्जही लवकर होते, असं विक्रेता सांगत होता. संजना तिला हसत हसत वर घेऊन गेली. माझ्यासोबत ती इतकी कधी हसली होती? वॉर्डासमोरच्या अरुंद वळणावर त्या लांबोडीला मागेपुढे करावं लागलं, तेव्हा कुठे माझ्या जिवाला गार वाटलं. तरी मॅडमना तीच पसंत पडली.

तिसरी बुटकी होती. पुढे चालवणाऱ्याशेजारी एक जागा, मागे बाकाऐवजी सपाट मोकळी जागा आणि खाली उतरणारी एक फळी. हिला कोण विचारणार, असं मनाशी म्हणत होते, तोच कुसाबाई आल्या. त्यांची तारीख नेमकी त्याच दिवशी होती. संजनाने फळी खाली सोडली, चाकाची खुर्ची सरळ आत ढकलली आणि पट्टा लावला. गेणू हात पुढे करून नुसताच उभा राहिला.

वर पोचल्यावर मॅडमनी विचारलं, "कसं वाटलं, बाई?"

"आज मला कुणी उचललं नाय," कुसाबाई म्हणाल्या. "त्या जुन्या गाडीत मला लय भ्या वाटायचं. पडते का काय, म्हणून दांडा धरून बसायची. आन् चारचौघांत उचलून घ्यायची लाज वेगळीच."

मित्रांनो, त्या मोटारीनेही मला इतकं जाळलं नव्हतं. ज्याला मी माया समजत होते, ती भीती होती.

मॅडम म्हणाल्या, "पण त्या सहा जणांच्या गाडीत एका खेपेला किती माणसं जातील!"

"खेपा मी जास्त मारीन, मॅडम," संजना म्हणाली. "चालता येणारी माणसं थोडी थांबतील. यांना मात्र दर वेळी उचलावं लागतं."

मॅडमनी पुन्हा एकदा कुसाबाईंकडे पाहिलं आणि फळीवाली घ्यायचं ठरवलं.

मला भंगारात काढलं नाही, हे नशीब. आता मी सपाटीवर, वॉर्ड ते धोबीघर, मळक्या चादरी वाहते. संजना सकाळी येते ती थेट त्या बुटकीकडे जाते. तिची सीट पुसते. मी दुसरीकडे बघते.

परवा त्या फळीची बिजागरी गंजून अडली. फळी अर्ध्यावरच लटकली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण फळीपुढे कुसाबाई उन्हात बसल्या होत्या. गेणू म्हणाला, "चला मावशी, उचलतो."

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "मी थांबते. कितीबी वेळ थांबते."

त्यांचा तो आवाज ऐकला आणि माझा आनंद कुठल्या कुठे गेला. संजना धावत तेल आणायला गेली.

मित्रांनो, ती गाडी मला आवडत नाही आणि पुढेही आवडेल असं वाटत नाही. तरी एवढं ऐका. तिच्या बिजागरीला वेळच्या वेळी तेल घालत जा.