पुढची वस्तू

तारवाडीच्या खाडीत मेलेल्या कासवाच्या पोटातून शर्वाणीच्या भाच्याचा हॉस्पिटलातला पट्टा निघाला, तेव्हा भाचा अजून जन्मायचा होता. बाळाच्या मनगटाला बांधतात तो, निळ्या प्लॅस्टिकचा. त्यावर स्वच्छ वाचता येत होतं : ऋजुता मयेकर यांचे बाळ, मुलगा. ऋजुता ही शर्वाणीची थोरली बहीण. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती आणि त्या घडीला पडवीत बसून आरामात आवळे खात होती.

शर्वाणीने पट्टा धुतला, वाळवला, त्याचं वजन केलं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेल्या मुलीला एवढी शिस्त अंगवळणी पडलेली असते. खाडीतल्या प्राण्यांच्या पोटातलं प्लॅस्टिक हा तिचा विषय, आणि तिच्या पेडणेकर सरांचा नियम एकच. मेलेलंच उघडायचं, जिवंत प्राण्याला बोट लावायचं नाही. सरांनी पट्टा भिंगाखाली धरला, त्यावरची तारीख अजून उजाडायची आहे हे पाहिलं आणि तो वेगळ्या बरणीत ठेवायला सांगून ते चहाला गेले.

मग एक मेलेला कुरव पक्षी सापडला. त्याच्या पोटात पिवळा खुळखुळा होता, कडेला बारीक दातांनी चावलेला. दात आले म्हणायचे पोराला, असं म्हणून शर्वाणी हसली. शेजारच्या टेबलावर मासे उघडणाऱ्या इरफान मुकादमने तिचं मावशी झाल्याबद्दल अभिनंदन केलं. शर्वाणीला इतका आनंद झाला, की तिने खुळखुळा पिशवीत घालून सरळ घरी नेला. तिथेच तिचं चुकलं.

"ह्यो खंयसून इलो?" आईने विचारलं.

"कुरवाच्या पोटातून."

"जल्माच्या आधी बाळाचा कायएक घरात हाडूचा नसता गो," आई म्हणाली. कुरवाचं तिला काहीच वाटलं नाही. तिने खुळखुळा मागच्या दाराने बाहेर काढायला लावला आणि उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. शर्वाणीने पुन्हा काही घरी नेलं नाही.

वस्तू मात्र येत राहिल्या, आणि अगदी क्रमाने. बगळ्याच्या पोटात दुधाच्या बाटलीचं बूच. मग पाणसापाच्या पोटात पिचकारीची दांडी. घारीच्या पोटात डब्याचं झाकण, त्यावर चिकटवलेली पट्टी : अवनीश मयेकर, पहिली. शर्वाणीने घरी गेल्यावर ते नाव सहज उच्चारलं, तर ऋजुताचा हात पोटावर गेला. हे नाव तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पोराला पाहिलं नव्हतं, पण शर्वाणीला त्याचा लळा लागला होता. सकाळी किनाऱ्यावर निघताना आज तो केवढा झाला असेल असं तिच्या मनात यायचं. मेलेलं काही दिसलं की आधी आनंद व्हायचा, आणि मग त्या आनंदाची लाज वाटायची. हळूहळू लाज वाटेनाशी झाली.

त्यानंतर एका मोठ्या तांबोशी माशाच्या पोटात चप्पल मिळाली. लहान मुलाची, डाव्या पायाची, पट्टा तुटलेली. दुसरी चप्पल त्या पोटात नव्हती.

आणि मग काहीच मिळेना. कॉलेजातल्या पोरांनी किनारा इतका मन लावून साफ केला होता, की मरायला कुणाला कारणच उरलं नव्हतं. ही मोहीम शर्वाणीनेच काढली होती, घोषणाही तिनेच लिहिल्या होत्या. उचललेल्या सगळ्या प्लॅस्टिकच्या गोणी प्रयोगशाळेच्या मागे रचून ठेवल्या होत्या. बगळे गुबगुबीत झाले, पाणमांजरं उन्हात लोळू लागली. किनारा मात्र आखूड होत चालला. आधी टोकापर्यंत जाऊन येण्यात अख्खी सकाळ जायची. आता एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकावरच्या माणसाशी बोलता यायचं. खाडीचं पाणी प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीला लागलं, तरी पेडणेकर सर खुशीत होते. आता प्रबंध लिहायला बस म्हणाले.

"सर, चपलेच्या पुढचं काहीच नाही मिळालं."

"नाही मिळालं, हाही निष्कर्ष असतो," सर म्हणाले.

हे वाक्य शर्वाणीच्या काळजात रुतलं. पहिलीतलं पोर, एक चप्पल, आणि पुढे कोरं. दुसरीचं दप्तर नाही, सायकलच्या मुठी नाहीत, काहीच नाही. तिकडे ऋजुताला नववा सरत आला होता. ती पाय सुजलेत म्हणून कुरकुरायची आणि लगेच पोटाशी लाडात बोलायची. ते ऐकू आलं की शर्वाणी उठून बाहेर जायची. कुणाचं तरी पोट उघडल्याशिवाय पुढचं कळणार नव्हतं, आणि नियम तर मोडायचा नव्हता.

दुपारी तिने एक गोणी ओढत मागच्या पायरीवर आणली. इरफान हात पुसत दारात आला.

"हे कशाला?"

"पुढचं बघायचंय."

"पण मेलेलंच उघडायचं ना?"

"हो. म्हणूनच."

इरफानने पाण्याकडे पाहिलं. "मग भरती लागू दे," तो म्हणाला. "तेव्हाच प्राणी जास्त खातात. आपणच शोधून काढलंय ना ते."

त्याने उरलेल्या गोणी पायरीपर्यंत आणून दिल्या, हात साबणाने धुतले आणि आपल्या माशांकडे परत गेला.

भरती लागली. शर्वाणीने पहिल्या गोणीची दोरी सोडली. तिला ती पाण्यात उलटी करावी लागलीच नाही. सगळी आपणहून आली होती. कुरव, बगळे, घारी, पाण्याबाहेर माना काढलेली कासवं, उरलेल्या एवढ्याशा किनाऱ्यावर एकामागे एक, रांग धरून. ढकलाढकली नाही, आवाज नाही. सगळ्यांत पुढे एक पाणमांजर होती, तुकतुकीत अंगाची, आणि तिच्या पायांत तिचं पिल्लू. दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहणाऱ्या बाया एकमेकींकडे पाहतात, तसं तिने शर्वाणीकडे पाहिलं. मग नाकाने पिल्लाला पुढे ढकललं.

पिल्लाने तोंड उघडलं. शर्वाणी पायरीवर गुडघे टेकून बसली, गोणीत हात घातला आणि त्याच्या एवढ्याशा घशातून उतरेल असं काहीतरी मऊ, लहान शोधू लागली.