चिखलदऱ्याची वानरं

...जंताचं पिंपासारखं तपकिरी अंडं, दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखं – सूक्ष्मदर्शकाखाली ते स्थिर झालं आणि धर्मपालने रोखलेला श्वास सोडला. हेही तेच. चिखलदऱ्याच्या वानरांची विष्ठा त्याने स्वतः झाडांखालून गोळा करून अमरावतीला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणली होती, आणि काचेमागून काच, हीच पिंपं. त्याच्या लेकीच्या, करुणाच्या, पोटातल्या जंतांची अंडी निराळी होती – गोल, खडबडीत सालीची... ती इथे कुठेच नव्हती.

दिवाळीत सगळे तिकडे गेले होते. आईने, सुंदराबाईने, अर्धा पेरू वानराच्या हातावर ठेवला, उरलेला नातीला भरवला – आणि पुढे थंडीत पोरीचं पोट फुगलं, जंत पडले. औषधाने ती बरी झाली, हुंदडू लागली. आई मात्र तिच्यापासून जी दूर सरली ती सरलीच. तांब्या वेगळा, ताट वेगळं, अंथरूण दाराशी. कुणी सांगितलं नव्हतं. न सांगता बाजूला होणं तिला इतकं सहज कसं जमतं... बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सात वर्षं झाली, तरी गावच्या विहिरीपासून लांब उभे राहिलेले तिचे ते पाय – पुढचा विचार तो नेहमी तिथेच तोडायचा.

एका कळपावरून शास्त्रात काही ठरत नाही, हे तोच वर्गात शिकवायचा. घरी जाताना ते वाक्य मागे मागे येत राहिलं. त्याने वळून पाहिलं नाही.

"माय, वांदरांचे जंत अलग हायेत. करुणाले झाले ते त्यायचे नाईत."

सुपातली तूर निवडता निवडता सुंदराबाईचा हात थांबला. "मंग कोठून आले?"

"मातीतून. न धुतलेल्या मुळ्यातून. कोनाच्याही घरात येतात."

"म्हंजे माह्या हातानं नाई झालं?"

"नाई, माय."

मग तिने करुणाला ओढून पुढ्यात घेतलं आणि केसांतला गुंता सोडवू लागली – इतक्या जोराने की पोरगी किंचाळली.

"वांदरावानी काहून वरडतं वं?" आणि मान वर न करता, "पुन्हा नेशीन का रे तिथं?"

त्याला एकदम हसू आलं. उद्या उरलेल्या काचा तपासायच्या होत्या; त्यांत उलटं काही निघालं तर – तर काय, हे त्याला आत्ता ठरवायचंच नव्हतं. छातीत काहीतरी सैल होत गेलं, आणि भिंतीला पाठ टेकून तो नुसता बसून राहिला.